विद्येच्या नावावर

श्रावण उलटला आणि सातपुड्याचा पायथा हिरवा झाला, की यावल, पाल, चोपडा, शिरपूर या बाजूच्या रानवाटांवर महाविद्यालयीन मुले दिसू लागतात. हातात कात्री आणि गोणपाटाची पिशवी, आणि वाट दाखवायला पाड्यावरचा कोणी पावरा, भिल्ल किंवा तडवी माणूस. मुले पाला तोडून नेतात. तो सावलीत वाळवतात, दळतात, सॉक्सलेटच्या काचेच्या उपकरणात मद्यार्काने त्याचा अर्क काढतात आणि तो काळपट, चिकट अर्क बाटलीत भरून ठेवतात. वनस्पतीची ओळख पटल्याचा दाखला घेतला जातो. मग विस्टार जातीचे पांढरे उंदीर मागवले जातात, त्यांचे सहा-सहाचे गट पडतात आणि काही आठवड्यांनी त्या पाल्यावर एक प्रबंध उभा राहतो. जळगावचे विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० रोजी स्थापन झाले, शिरपूरला १९९२ साली औषधनिर्माणशास्त्राचे महाविद्यालय निघाले, पाठोपाठ इतर तालुक्यांतही अशी महाविद्यालये आली आणि केळी-कापूस पिकवणाऱ्या घरांतली पहिली पिढी पदव्युत्तर शिक्षणापर्यंत पोहोचली. याचा अभिमान मलाही आहे. परंतु शिक्षणाच्या बरोबरीने देशभर एक रूढी रुजली, ती आपणही डोळे मिटून घेतली, आणि ती रूढी मुक्या जिवांचे प्राण घेत आली आहे. तिला संशोधन म्हणतात म्हणून ती रूढी आहे हे आपल्या ध्यानात येत नाही. तिच्याबद्दल मला लिहायचे आहे. ज्यांना दोष द्यायचा आहे त्यांत मी आहे, तुम्ही आहात, संस्थाचालक आहेत, मुलीच्या नावापुढे 'डॉक्टर' लागावे म्हणून देवाला साकडे घालणारे आईबापही आहेत.

मधुमेहावरचा प्रयोग घ्या, कारण तो फार केला जातो. निरोगी उंदराला मधुमेह नसतो. तो त्याला द्यावा लागतो. रात्रभर उपाशी ठेवलेल्या, दीडशे-दोनशे ग्रॅम वजनाच्या उंदराच्या पोटात अलॉक्सन नावाचे रसायन टोचतात. ते स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारते. मरणाऱ्या पेशींतले इन्सुलिन एकदम रक्तात उतरते, साखर कोसळते, आणि त्या पहिल्या रात्री ग्लुकोजचे पाणी वेळेवर मिळाले नाही तर उंदीर झटके येऊन मरतो. जे वाचतात त्यांच्या शेपटीला तिसऱ्या दिवशी सुई टोचून ग्लुकोमीटरच्या पट्टीवर रक्ताचा थेंब घेतात. साखर ठरलेल्या आकड्यापुढे गेली की प्राणी मधुमेही झाल्याची नोंद होते. त्यानंतर २१ दिवस, रोज सकाळी, त्याची मान मागून चिमटीत धरायची, वाकडी स्टीलची नळी घशातून जठरापर्यंत घालायची आणि अर्क सोडायचा. एका गटाला किलोमागे २०० मिलिग्रॅम, दुसऱ्याला ४००, तिसऱ्याला बाजारात मिळणारे ग्लिबेनक्लामाइड, आणि चौथ्याला नुसते पाणी. उपचार न मिळालेला मधुमेही उंदीर कसा खंगत जातो हे पाहण्यासाठी तो चौथा गट असतो. तो सारखा पाणी पितो, त्याच्या पिंजऱ्यातला भुसा बदलला की लगेच ओला होतो, अंगावरचे केस राठ होतात, वजन उतरत जाते. शेवटच्या दिवशी सगळ्या गटांना मारतात. स्वादुपिंड फॉर्मॅलिनमध्ये जाते, उरलेला देह पिवळ्या पिशवीत जातो. पहिल्या रात्री जे मेले त्यांचा उल्लेख प्रबंधात पुष्कळदा येतही नाही.

सूज उतरवणाऱ्या पाल्याची परीक्षा याहून सोपी. समुद्रशेवाळातून काढलेल्या कॅरागीननचे एक टक्क्याचे द्रावण, मिलिलिटरचा एक दशांश भाग, उंदराच्या मागच्या पंजाच्या तळव्यात टोचतात. तास-दोन तासांत पंजा टरटरून फुगतो आणि दर तासाला तो नळीत बुडवून मोजला जातो. वेदना शमवणाऱ्या पाल्यासाठी लहान पांढऱ्या उंदराच्या पोटात पातळ ॲसेटिक ॲसिड टोचतात. पोट आत ओढून, मागचे पाय ताणून तो जीव पिळवटत राहतो, आणि समोर बसलेली मुलगी तो वीस मिनिटांत किती वेळा पिळवटला ते वहीत रेघांनी मांडते. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. अर्क दिलेल्या गटात रेघा कमी भरल्या की पाला वेदनाशामक ठरला. मी त्या मुलीला दोष देत नाही. ती एरंडोल-पारोळ्याकडच्या शेतकऱ्याची लेक असते. घरी म्हशीच्या खुरात काटा रुतला तरी तिच्या घशाखाली घास उतरत नाही. अशा मुलीला आपण काय शिकवले ते पाहा. वेदना मोजायची, पण समोर जे चालले आहे ती वेदना आहे हे मनात आणायचे नाही. पहिल्या आठवड्यात तिचा हात थरथरतो, तेव्हा आपण तिला धीर देतो की होईल सवय. आणि खरोखरच सवय होते. तिच्या गुरूलाही अशीच झाली होती, त्याच्या गुरूलाही. मुलींना न शिकवण्याची रूढी, विधवेचे केस उतरवण्याची रूढी या मार्गानेच पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या. कोणी क्रूर नव्हते. प्रत्येकाला फक्त सवय झाली होती.

या साऱ्या यातनांतून हाती काय लागते, असे विचारायची आपल्याकडे पद्धत नाही, कारण उत्तर आधीच ठरलेले असते. पाला गुणकारी निघतो. बहुतेक पानांत टॅनिन, फ्लॅव्होनॉइड, सॅपोनिन यांपैकी काहीतरी असतेच. मोठ्या मात्रेत दिले की कुठे ना कुठे फरक पडतो. कोष्टकात आकड्याच्या डोक्यावर तारका बसते, आणि परंपरेने सांगितलेला उपयोग शास्त्राने सिद्ध झाला असे लिहून प्रबंध मिटतो. शेवटच्या परिच्छेदात पुढील संशोधनाची गरज नोंदवलेली असते. ते पुढचे संशोधन क्वचितच कोणी हाती घेतो. पुढच्या वर्षी नवी मुले येतात, नवा पाला आणतात, नाहीतर तोच पाला मद्यार्काऐवजी पाण्यात उकळून पुन्हा सहा-सहाचे गट पाडतात. तुळस, कडुनिंब, शेवगा, बेल यांच्या पानांनी उंदराची साखर उतरते हे जगात इतक्यांदा छापून झाले आहे की त्याची मोजदाद करणेही कठीण जावे.

आपल्याच मुलखात कधीकाळी याहून वेगळे घडले आहे. मुंबईत के. एस. म्हसकर आणि जे. एफ. केयस या दोघांनी १९३० साली गुडमारच्या पाल्यावरचे आपले काम छापले. स्वादुपिंडात काही शक्ती शिल्लक असेल तर रक्तातली साखर उतरते, नसेल तर हा पाला काही करू शकत नाही, अशी मर्यादाही त्यांनी दाखवून दिली. पुढच्याच वर्षी, १९३१ साली, त्यांचे दुसरे काम आले. साप चावल्यावर देशभर जे पाले, मुळ्या, साली वापरतात त्यांतल्या शेकडो वनस्पती त्यांनी तपासल्या, आणि एकही वनस्पती विषावर उतारा ठरत नाही असे स्वच्छ लिहिले. त्या तपासणीतही प्राणी मेले. पण त्या मरणातून माणसाला एक निश्चित गोष्ट कळली की साप चावल्यावर पाल्यात वेळ दवडू नये, सर्पविषावरची लस गाठावी. 'हा पाला निरुपयोगी आहे' असे लिहायला जे धैर्य लागते ते आज आपल्या प्रबंधांत मला क्वचितच भेटते. कारण तसे लिहिले तर निबंध छापून येत नाही, आणि निबंध छापून येण्यासाठीच तर सगळे चालले आहे. सातपुड्यातल्या पाड्यांवर आजही साप चावलेल्या लेकराला आधी पाला बांधतात आणि मग गाडी शोधतात. नव्वद वर्षांपूर्वीचे ते उत्तर आपण पाड्यापर्यंत नेले नाही. पाड्यावरचा पाला मात्र नेमाने प्रयोगशाळेत नेला.

प्रबंध कपाटात पडून राहिला असता तरी एक वेळ चालले असते. पण वर्तमानपत्राच्या जिल्हा आवृत्तीत बातमी येते की अमुक पाल्यात मधुमेह आटोक्यात आणण्याची शक्ती असल्याचे संशोधनातून सिद्ध झाले. जळगावच्या बाजारपेठेतला पन्नाशीचा दुकानदार ती वाचतो, गोळी बाजूला ठेवतो आणि रोज सकाळी चार पाने चावू लागतो. त्याला कोणी सांगत नाही की उंदराला झालेला आजार त्याचा नाहीच. अलॉक्सनने उंदराच्या पेशी मारल्या होत्या. बहुतेक प्रौढ मधुमेह्यांच्या पेशी तशा मेलेल्या नसतात, त्यांचे शरीर इन्सुलिनला दाद देईनासे झालेले असते. मात्रेचाही हिशेब कोणी मांडत नाही. उंदराची किलोमागे ४०० मिलिग्रॅमची मात्रा माणसाला लावताना शरीराच्या पृष्ठभागाच्या प्रमाणात सुमारे सहाने भागतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला रोज जवळपास चार ग्रॅम सुका अर्क. वाळल्या पाल्याचा उतारा दहा टक्के धरला, तर चाळीस ग्रॅम वाळलेला पाला, म्हणजे ओला त्याच्या कितीतरी पट, आणि तोही मद्यार्कात उतरवलेला. त्या प्रयोगाशी चार पानांचे काही नाते उरत नाही. सहा महिन्यांनी दुकानदाराच्या पायाची जखम भरेनाशी होते, तेव्हा त्या जखमेशी आपल्या प्रबंधाचा संबंध आहे असे आपल्यापैकी कोणालाच वाटत नाही.

कायदा याबाबतीत आपल्यापेक्षा जागा होता. राज्यसभेत रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी ज्याचा ध्यास घेतला होता तो प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० साली झाला. त्याने प्राण्यांवरील प्रयोगांना मुभा दिली, पण ती कशासाठी ते कलम १४ मध्ये सांगितले. शरीरविज्ञानात नवा शोध लागावा, जीव वाचवण्यास, दुःख हलके करण्यास, रोगाशी लढण्यास उपयोगी पडेल असे ज्ञान मिळावे, यासाठी ती मुभा आहे. कलम १७ म्हणते की जिथे शक्य असेल तिथे प्रयोग टाळावेत, पुस्तके, प्रतिकृती, चित्रफिती यांनी भागत असेल तर प्राणी घेऊ नयेत, आणि केवळ हाताला सराव व्हावा म्हणूनही शक्यतो घेऊ नयेत. शंभरदा छापून झालेली गोष्ट एकशे एकाव्यांदा करून पाहणे हा नवा शोध आहे काय? पदवीच्या अटी पुऱ्या करण्यासाठी मारलेल्या उंदराने कोणाचे दुःख हलके केले? कायद्याने जी मुभा एका वचनावर दिली होती ती आपण घेतली आणि वचन विसरलो. प्रस्तावाच्या छापील नमुन्यात एक प्रश्न असतो की प्राण्यांऐवजी दुसरा मार्ग का चालत नाही. त्याचे उत्तर दरवर्षी मागल्या वर्षीच्या अर्जावरून उतरवून काढले जाते. त्या प्रश्नाने एक रात्र आपली झोप उडाली असती तर पुष्कळ जीव वाचले असते.

हे एका-दोघांच्या आळसाने घडले असते तर लेख लिहायचे कारण नव्हते. २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राध्यापकांच्या नेमणुका आणि बढत्या गुणांवर आणल्या. निबंधाला गुण, परिषदेला गुण, मार्गदर्शनाला गुण. ज्या गोष्टीला गुण ती गोष्ट वाढली. पैसे भरले की काय वाटेल ते छापणारी नियतकालिके इतकी माजली की मे २०१८ मध्ये आयोगाला आपल्याच यादीतून ४,३०५ नियतकालिकांची नावे काढावी लागली. पुढे २०२२ च्या नियमांत पीएच.डी.साठी निबंध छापण्याची सक्तीही गेली. सक्ती गेली, तरी हाव गेली नाही. संस्थेच्या माहितीपत्रकात निबंधांचा आकडा छापायचा असतो, गावात सत्काराचा फलक लागायचा असतो, आणि लग्नाच्या बाजारात पदवीचे वजन पडायचे असते. मुलाने काय शोधले असे आपण विचारतच नाही. किती छापले आणि पगार किती वाढला एवढेच विचारतो. याच खान्देशात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी देह ठेवला. एकेका कागदासाठी गावोगाव वणवण केलेला, कोणत्याही सरकारी पदाची अपेक्षा न ठेवलेला तो माणूस ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात गेला आणि १९२७ साली त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यात उभे राहिले. त्या इमारतीवरून आपण रोज येतो-जातो. संशोधन म्हणजे काय हे शिकायला आपल्याला परदेशी जायची गरज नव्हती.

आणखी एका गोष्टीकडे आपण पाहायचे टाळतो. प्रयोग संपल्यावर उंदीर मारायचा असतो. अनेक ठिकाणी हे काम विद्यार्थी करत नाही, मार्गदर्शक तर नाहीच. प्राणिगृहातल्या शिपायाला सांगितले जाते. तो मान धरतो, शेपटीच्या बुडापाशी दाबून एक हिसका देतो, आणि मेलेला उंदीर ताटलीत आणून ठेवतो. मग मोजे चढवलेले आपले विद्वान हात पुढे होतात. मोजे मागच्या पिढीत नव्हते, बाकी व्यवस्था तीच. मेलेले ढोर ओढायला एक जात, कातडे कमवायला एक जात, आणि त्या कातड्याची वहाण घालून देवळात जाणारे आपण, ही जी वाटणी शतकानुशतके चालली तिची सावली संगमरवरी फरशीच्या प्रयोगशाळेतही पडली आहे. जे पाप स्वतःच्या हाताने करवत नाही ते दुसऱ्याच्या हाताने करवून घ्यायचे आणि त्याचे फळ स्वतःच्या नावावर चढवायचे, याला आपण पूर्वी धर्म म्हणत होतो, आता विज्ञान म्हणतो. शिपायाचे नाव आभाराच्या पानावर तरी येते का, ते आपापल्या प्रबंधात पाहावे.

जीवदयेत आपण कोणाला हार जाणारे नाही, अशी आपली समजूत आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळल्याशिवाय खान्देशी शेतकऱ्याला चैन पडत नाही. व्यापारी पेठांतून गोशाळांना देणग्या जातात, मुंग्यांना साखर घालणाऱ्या आजी अजून घरोघरी आहेत. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. साऱ्या भूतांच्या ठायी एकच आत्मा पाहण्याची शिकवण या गावाच्या भिंतींनी ऐकली आहे. तरीही गावाबाहेरच्या प्राणिगृहात काय चालते ते जाऊन पाहावे असे आपल्याला वाटले नाही. आपण ज्याची पूजा करतो त्याच्यापाशी आपली दया थांबते. गणपतीच्या पायाशी मूषक बसतो म्हणून त्याच्यापुढे मोदक ठेवायचा आणि पिंजऱ्यातला मूषक दिसू नये म्हणून दाराला पडदा लावायचा, यात विसंगती आहे असे घराघरांतल्या मुलांनाही आपण कधी कळू दिले नाही. कोणी म्हणेल की उंदीर शेतकरीही मारतो, धान्याच्या कोठारात विषारी आमिष ठेवतो. ठेवतो. त्याच्या वर्षाच्या धान्याचा तो प्रश्न असतो, आणि मारून झाल्यावर त्याला तो ज्ञान म्हणत नाही.

आणि ज्याच्या पाल्यावर हा सारा डोलारा उभा राहिला, त्या माणसाचे आपण काय केले? वाट दाखवणारा तो पावरा किंवा भिल्ल, रोग आणि पाला यांची सांगड सांगणारा तो भगत किंवा बडवा, प्रबंधात 'स्थानिक आदिवासींमध्ये वापर आढळतो' एवढ्या एका वाक्यात बुडून जातो. त्याने पाला ताजा ठेचून रस काढायला सांगितलेला असतो, अमुक महिन्यात तोडायला सांगितलेला असतो, सोबत काय द्यायचे आणि कोणाला द्यायचे नाही हेही सांगितलेले असते. ते आपण वहीत घेतले नाही. आपण वाळवला, दळला, मद्यार्कात उकळला, आणि त्याचे औषध तपासल्याचा दाखला स्वतःलाच दिला. धुळ्याच्या घोगरे विज्ञान महाविद्यालयातले डॉ. डी. ए. पाटील आणि त्यांचे सहकारी यांच्यासारख्या थोड्या लोकांनी पाड्यापाड्यांवर बसून जळगाव-धुळे-नंदुरबारच्या वनस्पती आणि त्यांचे लोकांतले उपयोग नोंदवले, त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे; पण त्या पुस्तकांतून पाल्याचे नाव उचलणाऱ्यांनी त्या पाड्यांवर पुन्हा पाऊल ठेवले नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने जैवविविधतेशी जोडलेल्या पारंपरिक ज्ञानावर गावसमाजाचा सामुदायिक हक्क मान्य केला आहे. केरळात १९९० च्या दशकात कानी आदिवासींनी दाखवलेल्या आरोग्यपच्चा या वनस्पतीच्या पानांपासून एक औषध तयार झाले, तेव्हा तिथल्या संशोधन संस्थेने मिळालेल्या पैशाचा अर्धा वाटा कानींच्या विश्वस्त निधीला दिला. त्या व्यवहारावर टीकाही झाली, पण वाटा द्यायचा असतो हे तरी त्यांना सुचले. ज्या सातपुड्यातून आपण वर्षानुवर्षे पाला आणतो तिथे सिकलसेलने सांधे धरून रात्र काढणारी मुले आहेत, कुपोषण आहे, साप आहे. त्या आजारांवर प्रश्न विचारणारे प्रस्ताव किती येतात हे ज्याने त्याने आपल्या महाविद्यालयात मोजावे.

यावर विचारले जाईल की मग औषधे यायची कशी? प्रश्न रास्त आहे आणि मी त्याला बगल देणार नाही. चीनच्या तू यूयू यांनी १९७१ साली चिंघाव या वनस्पतीचा अर्क हिवताप झालेल्या उंदरांना दिला, आणि त्यांच्या रक्तातले जंतू नाहीसे झाले. पण त्याआधी त्यांनी जुना ग्रंथ उघडून पाहिला होता. त्यात पाला पाण्यात भिजवून पिळून घ्यायला सांगितला होता; उकळायला सांगितला नव्हता. म्हणून त्यांनी कमी तापमानावर ईथरने अर्क काढला, आणि रुग्णांना देण्याआधी तो स्वतः घेतला. त्यातून जे आर्टेमिसिनिन मिळाले त्याने जगभर असंख्य माणसे वाचली आणि २०१५ साली त्यांना नोबेल मिळाले. आपल्या मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा रक्तदाबावरचा परिणाम प्रत्यक्ष रुग्णांत पाहून १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला. दोघांनीही आधी परंपरेचे नीट ऐकले, मग एक प्रश्न ठरवला, आणि उत्तर हाती लागेपर्यंत तो सोडला नाही. प्राण्याचा जीव घ्यायचा असेल तर तो अशा प्रश्नासाठी, आणि दुसरी वाट उरली नसेल तेव्हाच. रसेल आणि बर्च या दोघा शास्त्रज्ञांनी १९५९ सालीच सांगून ठेवले आहे की प्राण्याऐवजी दुसरे काही चालते का पाहा, चालत नसेल तर संख्या कमी करा, आणि घेतलाच तर त्याच्या यातना कमी करा.

हे बदलणार आहे याविषयी मला शंका नाही, कारण याहून जुन्या रूढी आपण मोडल्या आहेत. प्राणिशास्त्राच्या तासाला मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्यांनी बेडूक ठोकल्याशिवाय शास्त्र शिकता येत नाही अशी आपली ठाम समजूत होती; २०१४ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने ते विच्छेदन बंद केले आणि शास्त्र काही बुडाले नाही. त्याच वर्षी देशात सौंदर्यप्रसाधनांच्या प्राणिचाचण्याही थांबल्या. २०२३ साली नव्या औषधांच्या नियमांत दुरुस्ती होऊन पेशींवरच्या आणि संगणकावरच्या चाचण्यांना वाट मिळाली. पाल्यातले घटक वेगळे करणे, ते पेशींवर तपासणे, आयुर्वेद रुग्णालयात येणाऱ्या रुग्णांच्या नोंदी शिस्तीने ठेवणे, आधी काय छापून झाले ते नीट वाचणे, ही कामे जळगाव-धुळ्यात आजही करता येतात. त्यांना वेळ लागतो. म्हणून ती मागे पडतात, आणि उंदीर पुढे येतो.

प्राण्यांवरचा प्रत्येक प्रयोग संस्थेच्या नैतिकता समितीपुढे यावा लागतो. या समितीत शास्त्रज्ञ असतात, पशुवैद्य असतो, सरकारने नेमलेला प्रतिनिधी असतो. आणि एक जागा नियमाने विज्ञानाबाहेरच्या, समाजाची जाण असलेल्या माणसासाठी राखलेली असते. ती जागा तुमची आहे. शिक्षक, वकील, पत्रकार, निवृत्त कारकून, कोणीही त्या खुर्चीवर बसू शकतो, आणि आजवर आपण तिथे चहा घेऊन सही करून आलो. पुढच्या वेळी बोलावणे आले तर प्रस्ताव घरी आणून वाचा. हा पाला याआधी कितींदा तपासून झाला आहे ते विचारा. पाला दाखवणाऱ्याने तो कसा घ्यायला सांगितला होता आणि तसा तो घेतला आहे का, ते विचारा. उत्तर नकारार्थी आले तर छापणार का, हे विचारा. मारणार कोण, हेही विचारा. समाधान होईल असे उत्तर मिळेपर्यंत सही करू नका.